मुंबई ते न्यूअर्क: नक्की किती किलोमीटर, आणि नक्की किती तास?

साताऱ्याची_लेक | ११ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी. आई (वय ६९) एप्रिलमध्ये पहिल्यांदाच आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला येतेय, तीही एकटी. बाबांनी "मला एवढा वेळ खुर्चीत बांधून ठेवू नका" म्हणत कधीच अंग काढून घेतलंय. आई निवृत्त गणिताच्या बाई. तिकीट हातात पडल्यापासून रोज रात्री फोनवर माझी तोंडी परीक्षा चालू आहे आणि मी रोज नापास होतेय.

तिकिटावर असं आहे:
जाताना: मुंबई, २१ एप्रिल, रात्री १:३०. न्यूअर्क, त्याच दिवशी सकाळी ७:४५.
येताना: न्यूअर्क, २० ऑक्टोबर, दुपारी १२:३०. मुंबई, २१ ऑक्टोबर, दुपारी १२:१५.

आईचं म्हणणं, "जाताना सव्वासहा तास आणि येताना पावणेचोवीस? मध्ये खंबाटकी लागतो का गं?" हे अर्थात मुद्दाम. घड्याळांचा फरक तिला कळतो. पण मी रोज फोन करताना धरते तो साडेदहा तासांचा फरक लावला, तर जाताना १६ तास ४५ मिनिटं येतात आणि येताना १३ तास १५. तिकिटावर छापलेत १५:४५ आणि १४:१५. दोन्हीकडे बरोब्बर एक तास चुकतोय. कुठे?

दुसरं, अंतर. एक ठिकाण १२,५५० किमी म्हणतं, दुसरं तेरा हजारांच्या वर. आणि नकाशावर विमान सरळ पश्चिमेला न जाता रशियात कशाला घुसतं?

---

मीठभाकरी | ११ फेब्रुवारी

एक तासाचं उत्तर सोपं आहे. आत्ता तुमच्याकडे हिवाळ्याचं घड्याळ आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी (यंदा १० तारखेला) ते तासभर पुढे जाईल, ते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत. म्हणजे एप्रिल आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळेला फरक साडेनऊ तासांचा. लावून बघा.

---

साताऱ्याची_लेक | ११ फेब्रुवारी

अरे देवा! जुळलं. इथे सात वर्षं राहून फेब्रुवारीत बसून एप्रिलचा हिशेब करताना हे डोक्यातच आलं नाही. आईला सांगू की नको?

---

पेठेतला | ११ फेब्रुवारी

नका सांगू. गणिताच्या बाईंची मुलगी म्हणून जगणं आधीच अवघड असतं.

---

निवृत्त_मोजणीदार | १२ फेब्रुवारी

घड्याळांचा फरक माहीत नसला तरी चालतं. जाण्याचे कागदावरचे तास अधिक येण्याचे कागदावरचे तास, एवढीच बेरीज करा. ६:१५ आणि २३:४५, झाले ३० तास. एकीकडे जो फरक वजा होतो तोच दुसरीकडे मिळतो, बेरजेत उडून जातो. निम्मे केले की सरासरी १५ तास. फक्त दोन्ही तारखा घड्याळ बदलण्याच्या एकाच बाजूला हव्यात.

आम्ही भूमी अभिलेखमध्ये बांध मोजताना एकदा इकडून, एकदा तिकडून मोजायचो, तीच युक्ती.

---

साताऱ्याची_लेक | १२ फेब्रुवारी

मोजणीदार काका, आईला वाचून दाखवलं. दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "हे मला सुचायला हवं होतं." तुम्हाला कल्पना नाही हे वाक्य आमच्या घरात किती वर्षांनी ऐकू आलं.

---

टेकडीवरचा | १२ फेब्रुवारी

रशियाबद्दल. भिंतीवरचा नकाशा हा सोलून ताणलेल्या मोसंब्यासारखा असतो, उत्तरेकडे सगळं फुगतं. त्यावरची सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोरा धरा, दुसरं टोक न्यूयॉर्कपाशी नेऊन ताणा. दोरा आपोआप वर सरकेल.

मी लेकाच्या गोलावर करून पाहिलं. दोरा बलुचिस्तान-अफगाणिस्तानच्या सीमेवरून तुर्कमेनिस्तानात, तिथून कझाकस्तानचं पश्चिम टोक, मग पार सेंट पीटर्सबर्गच्या शेजारून स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक, लॅब्राडॉर आणि मग खाली न्यूअर्क. सगळ्यात वर तो साधारण ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो. ही लांबी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किमी, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा.

प्रयोगानंतर लेकाने दोरा परत घेतला. पतंगाचा होता.

---

पेठेतला | १२ फेब्रुवारी

पण येताना वेळ कमी का, हे कोणीच सांगत नाहीये. सोपं आहे की. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते... थांबा, मग जाताना मुंबईहून निघालेल्या विमानाकडे न्यूअर्क स्वतःहून येतंय, म्हणजे जाताना कमी लागायला हवा. उलटं झालं. कोणीतरी सांभाळा.

---

कोकणकडा | १२ फेब्रुवारी

विमान खालच्या पृथ्वीपासून सुटं झालेलं नसतं हो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर पुण्यात हेलिकॉप्टर नुसतं वर जाऊन थांबलं की बरोब्बर चार मिनिटांत खाली अलिबाग आलं असतं. ना टोल, ना लोणावळ्याला ट्रॅफिक.

---

चकली_बिघडली | १२ फेब्रुवारी

हसून हसून पुरेवाट! आणि परत यायला तेवीस तास छप्पन्न मिनिटं!

---

उड्डाणवेळ | १३ फेब्रुवारी

माझं पोट याच धंद्यावर आहे (उड्डाणाआधी मार्ग आणि इंधन ठरवणाऱ्या खोलीत बसतो), म्हणून जरा लांबड लावतो.

येताना वेळ वाचतो तो वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरकस वाऱ्यांचे पट्टे असतात, जेट स्ट्रीम. नद्यांसारखे नागमोडी, रोज जागा बदलणारे. हिवाळ्यात जास्त जोरात. पूर्वेला जाताना आम्ही विमान त्यात घालतो, पश्चिमेला जाताना शक्य तितकं चुकवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळाच्या दिवसांत न्यूयॉर्कहून लंडनला एक बोइंग ७४७ विमान चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. ध्वनीचा वेग मोडला का असं तेव्हा सगळे विचारत होते. नाही, कारण भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगात होतं. सरकत्या जिन्यावर चालल्यासारखं.

या वाऱ्यांची मोजमापं जपानचे वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून केली आणि १९२६ मध्ये अहवाल काढला. जगाला कळावं म्हणून एस्परांतो या मुद्दाम बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिला. अर्थातच कोणी वाचला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे: अंतराचा आकडा एक नसतोच. १२,५५० हे गोलावरचं सगळ्यात कमी अंतर. प्रत्यक्षात रोजचा मार्ग वेगळा, तो वारे, बंद हवाई हद्दी आणि त्या हद्दींचे दर यांवर ठरतो. तेरा हजारांचा आकडा दिसला तर ते त्या दिवशी खरंच उडालेलं अंतर असू शकतं. आणि कमी किलोमीटर म्हणजे कमी वेळ असंही नाही. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किमी. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी दोनेक तास लवकर, कारण सगळा वारा पाठीशी. परत येताना मात्र अटलांटिक ओलांडायचा. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेला. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण.

---

रामप्रहर | १३ फेब्रुवारी

म्हणजे आमचे आजोबा म्हणायचे तेच, "लांबून जा पण वाटेने जा."

---

निवृत्त_मोजणीदार | १३ फेब्रुवारी

उड्डाणवेळ, छान लिहिलंत. मग मी वाऱ्याचाही हिशेब काढला. १२,५५० भागिले पावणेसोळा, ताशी ७९७. भागिले सव्वाचौदा, ताशी ८८१. फरकाचं निम्मं ४२. म्हणजे सरासरी वारा ताशी ४२ किमी. बरोबर?

---

उड्डाणवेळ | १३ फेब्रुवारी

काका, पद्धत बरोबर, पण दोन गोष्टी मध्ये येतात. एक, जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एक नसतो. तुमचा बांध तोच राहतो, आमचा हलतो. दोन, तिकिटावरची वेळ हवेतली नसते. फाटकापासून विमान हललं की सुरू, पलीकडच्या फाटकाला लागलं की बंद. त्यात न्यूअर्कला रांगेत उभं राहणंही आलं. शिवाय रोज थोडं मागेपुढे होणार म्हणून कंपन्या वेळापत्रकात हात राखूनच आकडा टाकतात. "वीस मिनिटं आधी पोचलो" अशी घोषणा होते तेव्हा त्यातली पंधरा आधीच लपवलेली असतात.

---

सुलूआजी | १४ फेब्रुवारी

मी ७४ वर्षांची, सहा वेळा जाऊन आले आहे. तुमचं वारं आणि गोल राहू दे बाजूला. लेकी, आईला सांग, २१ तारखेला रात्री दीडचं विमान म्हणजे २० तारखेला रात्री विमानतळावर हजर व्हायचं. माझ्या जाऊबाई एकदा २१ ला दिवसभर आरामात बॅगा भरत बसल्या होत्या. संध्याकाळी सगळे गाडीत बसले आणि मग जावयाचा फोन आला, "आई, तुम्ही उतरलात ना?"

दुसरं, व्हीलचेअर सांगून ठेव. पाय चांगले असले तरी.

---

मीठभाकरी | १४ फेब्रुवारी

आजी, बाकी सगळं मान्य, व्हीलचेअरला विरोध. धडधाकट माणसं नुसती रांग चुकवायला खुर्ची मागतात आणि ज्यांना खरंच चालता येत नाही ते तासभर ताटकळतात. माझ्या बाबांना गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाऊण तास खुर्ची मिळाली नव्हती, आणि ज्या काकू खुर्चीतून गेल्या त्या नंतर सामानाच्या पट्ट्यावरून दोन पेट्या एकट्याने उचलताना दिसल्या.

---

सुलूआजी | १४ फेब्रुवारी

खुर्ची पायांसाठी नाही मागत रे बाबा. खुर्ची ढकलणारा माणूस हवा असतो. कुठे वळायचं, कोणत्या खिडकीशी उभं राहायचं, तो साहेब काय विचारतोय, ते कोण सांगणार? तुझ्या बाबांचं वाईट वाटलं, खरंच. पण इंग्रजी न येणाऱ्या बाईसाठी विमानतळावर दुसरी सोय काय आहे ते सांग, मी खुर्ची सोडते.

---

मीठभाकरी | १४ फेब्रुवारी

यावर उत्तर नाही माझ्याकडे. मागे घेत नाही, पण गप्प बसतो.

---

कोकणकडा | १५ फेब्रुवारी

अवांतर: आईच्या गोळ्यांचं काय? माझ्या सासूबाईंनी बीपीची गोळी "सकाळी" घ्यायची म्हणून विमानात खिडकी उघडून उजाडायची वाट बघितली. पश्चिमेकडे जाताना रात्र लांबतच जाते. शेवटी हवाई सुंदरीला विचारलं, "बाई, तुमच्याकडे सकाळ कधी होते?"

---

साताऱ्याची_लेक | १५ फेब्रुवारी

थायरॉइड आणि बीपी, दोन्ही आहेत. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, प्रवासात भारतीय वेळेनेच घ्या, पोचल्यावर नवं वेळापत्रक करू. त्यामुळे मनगटी घड्याळ बदलायचं नाही असं ठरलंय.

---

चकली_बिघडली | १५ फेब्रुवारी

इन्सुलिनवाल्यांनी मात्र हे वाचून परस्पर काही ठरवू नका. आमच्याकडे डॉक्टरांनी जाण्याचा आणि येण्याचा असे दोन वेगळे कागद लिहून दिले होते, कारण एक दिवस लांबतो आणि एक आखडतो.

---

रामप्रहर | १६ फेब्रुवारी

सगळे हवेतल्या तासांवर बोलताय. साताऱ्याच्या दारापासून एडिसनच्या दारापर्यंत किती, ते काढा की. तेच खरं अंतर.

---

निवृत्त_मोजणीदार | १६ फेब्रुवारी

काढतो. शनिवार म्हणून घाट तुंबणार, सातारा-सहार सहा तास धरा. दुपारी दोनला घर सोडलं तर आठला विमानतळ. दीडला विमान. न्यूअर्क ७:४५ म्हणजे आपले संध्याकाळचे सव्वापाच. शिक्का, सामान, गाडी, एडिसन सकाळी दहा. आपले साडेसात. दुपारी दोन ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसात, साडेएकोणतीस तास. त्यातले हवेत निम्मेच.

---

टेकडीवरचा | १६ फेब्रुवारी

आणि तरी हे सुखाचं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला पहिल्यांदा गेलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत. आम्ही १९८६ मध्ये न्यूयॉर्कला गेलो तेव्हाही लंडनला उतरून, पाय मोकळे करून पुन्हा चढलो होतो. मुंबई-न्यूयॉर्क न थांबता, ही चैन २००० नंतरची.

---

पेठेतला | १७ फेब्रुवारी

एक गंभीर प्रश्न. २० ऑक्टोबरला परत निघणार म्हणालात ना? कालनिर्णय बघितलं. त्या दिवशी संकष्टी आहे. उपास सोडायचा कुठल्या चंद्रोदयाला?

---

सुलूआजी | १७ फेब्रुवारी

साताऱ्याच्या.

---

कोकणकडा | १७ फेब्रुवारी

असं कसं? पंचांगात गावागणिक चंद्रोदय वेगळा देतात तो कशासाठी? आपण असू तिथला धरायचा.

---

रामप्रहर | १७ फेब्रुवारी

"आपण असू तिथलं" गाव ताशी नऊशे किलोमीटरने पळतंय.

---

उड्डाणवेळ | १७ फेब्रुवारी

दुपारी साडेबाराला निघून पूर्वेला गेलं की तासाभराचं अंतर घड्याळात दीड-पावणेदोन तासांचं होतं. चार-पाच तासांत बाहेर गच्च रात्र. चंद्र साताऱ्याआधी की नंतर ते धर्मशास्त्रवाले बघतील, पण आईंना खिडकी द्या, एवढं नक्की.

---

साताऱ्याची_लेक | २४ ऑक्टोबर २०२४

धागा वर काढतेय. आई जाऊन, राहून, परत सुखरूप पोचली. तिने वहीत नोंदी ठेवल्या आहेत. घड्याळ सहा महिने बदललं नाही, इथे सकाळी चहा घेताना मनगटाकडे बघून "आता यांचा कट्टा भरला असेल" म्हणायची. वहीतलं जसंच्या तसं देते, सगळ्या वेळा भारतीय:

जाताना. विमान हललं १:४०. चाकं उचलली २:१०. चाकं टेकली संध्या. ५:००. थांबलं ५:१२. हवेत १४ ता. ५० मि.
येताना. हललं रात्री १०:०५. उचललं १०:३५. टेकलं दु. ११:५०. थांबलं १२:०५. हवेत १३ ता. १५ मि.
फरक १ ता. ३५ मि. शेरा: वारा.

त्याखाली: "न्यूअर्कला उडण्यापूर्वी अर्धा तास नुसते उभे. हा वेळ प्रवासात धरतात हे योग्य नाही."

---

निवृत्त_मोजणीदार | २४ ऑक्टोबर

बाईंना नमस्कार सांगा. नोंदवही अशी असावी.

---

पेठेतला | २४ ऑक्टोबर

आणि उपास???

---

साताऱ्याची_लेक | २५ ऑक्टोबर

सांगते. दिवसभर काही खाल्लं नाही, विमानात जेवणाचा ट्रे आला तो नको म्हणाली. त्या मुलीला वाटलं बरं नाहीये, ती दोनदा पाणी घेऊन आली. मग खिडकीचा पडदा वर केला तर चंद्र समोर, तिच्या शब्दांत "डोळ्यांच्या पातळीत, वर मान करावी लागली नाही". घड्याळात साताऱ्याचे पहाटेचे पावणेतीन. म्हणजे साताऱ्यात चंद्रोदय होऊन कित्येक तास झालेले. सुलूआजींच्या नियमाने ती चढल्यावर लगेच जेवू शकली असती! शेजारच्या पंजाबी काकूंचा त्या दिवशी करवा चौथ होता, त्यांनीही चंद्र बघितला, तोही आईच्याच खिडकीतून वाकून. दोघींनी मिळून डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. काकूंच्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लागत नव्हता म्हणून त्याचा फोटो मोबाइलवर धरला होता.

---

सुलूआजी | २५ ऑक्टोबर

बघा, मी म्हटलं होतं, साताऱ्याचा धरा. उगाच उपाशी ठेवलीत बिचारीला.

---

चकली_बिघडली | १८ ऑगस्ट २०२५

धागा शोधून वर आणतेय. सासूबाई डिसेंबरमध्ये येणार आहेत. इथले आकडे अजून चालतील का? मला तिकिटावर बराच जास्त वेळ दिसतोय.

---

उड्डाणवेळ | १८ ऑगस्ट

चालणार नाहीत. २४ एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आहे. वर टेकडीवरचा यांनी दोरा ताणला होता तो पहिल्याच वळणावर तुटला म्हणा. भारतीय कंपनीचं विमान आता मुंबईहून आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेला जातं आणि मग वर वळतं. दिल्लीवाल्यांची अवस्था याहून वाईट. अमेरिकेला जाणाऱ्या त्यांच्या काही उड्डाणांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलंय. २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असंच झालं होतं. त्यात डिसेंबरात समोरचा वारा जोरात. आणि हो, फरक तेव्हा साडेदहा तासांचा, मीठभाकरींचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

---

टेकडीवरचा | १९ ऑगस्ट

लेक आता नववीत. दोरा आहे अजून, पण गोल फुटबॉल म्हणून वापरला गेला. ग्रीनलंडच्या जागी भोक आहे.

---

साताऱ्याची_लेक | १९ ऑगस्ट

चकली, सासूबाईंना खिडकी घे आणि एक कोरी वही दे. आईने विचारलंय, हललं, उचललं, टेकलं, थांबलं या चार वेळा त्यांनी टिपून आणाव्यात. तिला पाकिस्तानमुळे नक्की किती मिनिटं वाढली ते काढायचंय, आणि त्यासाठी बाबांना पाठवायला ते अजूनही तयार नाहीत.